तीन बोटं

पुष्पांजली कणीक मळत होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यानं हाक दिली, "पुष्पा, माही फायटिंग लावून दे वं."

भर दुपार होती. नवरा जीप घेऊन मेहकरला गेलेला. पिठाचे हात तसेच पदराला पुसून तिनं मोबाईलवरून टीव्हीवर जुना कराटेचा पिक्चर लावून दिला आणि परत ओट्यापाशी गेली.

सासरा म्हणजे चिखलीचा निवृत्ती. आता सत्तरीला टेकला. पण एके काळी देऊळघाटला टिनाच्या शेडात व्हिडिओ लागायचा, तेव्हा सगळ्यात पुढची खुर्ची त्याची. पिक्चरमधली भाषा कोणाच्या बापाला कळत नव्हती. कळायचं ते मारणं आणि मरणं. कोणी मेला की अख्खं शेड ओरडायचं, "निवृत्तीभाऊ, किती?" निवृत्ती मागं वळतसुद्धा नसे. नुसती बोटं वर करायचा. पाच, सहा, मरण खोटं वाटलं तर दोन. दहा त्यानं जन्मात कोणाला दिले नव्हते.

ते दहा रवीला पाहिजे होते. रवी कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचा, बावीस वर्षांचा, अंगात कायम एक निळा सदरा. पिक्चरसारखं मरून दाखवायचं, जिनिंगच्या भिंतीवरून उडी, हवेत कोलांटी आणि खाली कापसाचा ढीग, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. बघायला गाव लोटलं. रवी उडाला, ढीग चुकला आणि मानेवर पडला. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

दोघं-तिघं धावले, तर निवृत्तीनं हात आडवा घातला. "हात नका लावू बे त्याले. नाटक करून राह्यला. मले मरण वळखता येत नाही काय?"

आणि तीन बोटं वर केली.

लोक खदाखदा हसले. रवीचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते. लोक हसत हसत चहाला गेले. परत आले तेव्हा त्या ओठांवर माश्या बसल्या होत्या.

याला चाळीस वर्षं झाली. जिनिंगही बंद पडलं. निवृत्तीची खोड तेवढी गेली नाही. सुनेच्या भाकरीला दोन बोटं. तिची माय वारली, ती माहेरून रडत आली, तर यानं पलंगावरून चार बोटं दाखवली. "रडणंबी जमत नाही तुले." शिवाय मेल्यासारखं पडून दाखवायची हौस. धाडकन फरशीवर पडायचा, डोळे फिरवायचा, पुष्पा पाणी घेऊन धावली की उठून टाळ्या पिटायचा, "फसली, फसली!" असं तीनदा झालं होतं.

पण गेले आठ दिवस त्याचं हसणं आटलं होतं. शंभरदा पाहिलेला पिक्चर. देवळाचं अंगण, काळ्या कपड्यातली चाळीस माणसं, एकेक येतो आणि मार खाऊन पडतो. त्यात मागच्या रांगेत एक निळा सदरा दिसायला लागला होता.

"पुष्पा, तो निळा कोण हाय वं?"

"कोनता निळा, मामाजी? सारे काळेच त हायेत."

निळा पडायचा. मान वाकडी घेऊन उठायचा, धूळ झटकायचा, रांगेत जाऊन उभा राहायचा. रोज एक रांग पुढं. खोलीत कोंदलेल्या कापसाचा वास यायचा.

निवृत्तीला कळत होतं त्याला काय पाहिजे ते. दहा दिले की सुटका. पण दहा दिले म्हणजे ते मरण खरं होतं, आणि आपण ते ओळखूनही माणसाला उचलू दिलं नाही, असं कबूल करणं आलं.

आज निळा सगळ्यात पुढं होता. काचेला नाक लावून.

"निवृत्तीभाऊ... किती?"

आवाज टीव्हीतून आला नाही. पलंगाखालून आला.

"सात," निवृत्ती पुटपुटला.

निळा पडला. उठला.

"निवृत्तीभाऊ..."

"नऊ घे बे... नऊ घे अन् जाय..."

निवृत्ती पलंगावर उभा राहिला. खाली फरशी होती, गुडघाभर अंतरावर. त्याला मात्र ती लांब, खूप खाली दिसली...

आत पुष्पाला वाळली काडी मोडल्यासारखा आवाज आला. ती दारात आली. सासरा खाली पडला होता. डोळे उघडे, ओठ हलत होते. दहा... दहा... पण आवाज काही फुटत नव्हता.

"मामाजी?"

ती बराच वेळ बघत उभी राहिली. तिला कळलं होतं की नव्हतं, हे तिनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मग तिनं पिठानं भरलेला हात वर केला.

"तीन," ती म्हणाली आणि गच्चीवर मिरच्या उलथवायला गेली.

खाली आली तेव्हा माश्या बसल्या होत्या.

डॉक्टर म्हणाला, मान मोडली, भिंतीवरून पडल्यासारखी. आंघोळ घालताना डोक्याच्या केसांत सरकीसकट कच्चा कापूस निघाला, मूठभर. घरातल्या गाद्या फोमच्या.

तेरवी झाल्यावर एका दुपारी पुष्पानं मालिका लावली, तर ते देवळाचं अंगण आलं. काळे कपडेवाले सगळे उठून गेले. मागं राहिला एक म्हातारा, बनियन-पायजम्यातला. निळ्या सदऱ्यानं त्याला केसाला धरून उठवलं, रांगेत उभं केलं. म्हातारा पडला. पुन्हा उठवलं. पुन्हा पडला. मग दोघांनीही माना वाकड्या करून तिच्याकडे पाहिलं, आणि वाट बघत राहिले.

तेव्हापासून टीव्ही चालू असला की पुष्पा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. तरी उजव्या हाताची बोटं आपसूक ताठ व्हायला लागतात. तीनच.