पाचव्या दुकानातला डबा

शनिवारी दुपारी आजोबांच्या चष्म्याची काडी तुटली आणि गार्गीच्या सुट्टीचे बारा वाजले.

"जा गं, पाया लेबारच्या मॉलमधून दुरुस्त करून आण. त्यांनाही ने, तेवढंच फिरणं," म्हणत आईनं गार्गीच्या ऑफिसच्या स्टीलच्या डब्यात शंकरपाळे भरले. डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'गार्गी' कोरलेलं होतं. पुण्याहून आईनं हौसेनं नाव घालून आणलेलं. सिंगापुरातल्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात गार्गी ते झाकण मुद्दाम उलटं ठेवायची.

एमआरटी मेट्रोत बसल्या बसल्या आजोबांचं सुरू झालं. दीनानाथ आजोबा तरुणपणी इंग्लंडमध्ये लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात होते. हल्ली त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे; पण तिथल्या भर गावातली एक गल्ली रामरक्षेसारखी पाठ होती.

"पहिलं टोप्यांचं. मग छत्र्या दुरुस्त करणारा. मग बटणवाली, मग घड्याळजी. आणि पाचवं गोळ्या-चॉकलेटचं. ती बाई तुझ्या सुलेखा आजीची मैत्रीण. सुलेखानं तिला डबाभर लाडू दिले. रिकामा डबा परत करायचा नसतो, हेही तिनंच शिकवलं बाईला. बाई म्हणाली, भरून देते. आणि आठवड्याभरात गल्ली पाडली की! डबा राहिला तिथंच."

"शंभरदा ऐकलंय, आजोबा."

चष्मेवाल्यानं अर्धा तास सांगितला. मॉलमधल्या बाकावर बसून आजोबा डोळे किलकिले करत दुकानं न्याहाळत होते. "गारू, घड्याळजी याच रांगेत होता ना?"

गार्गीचा संयम सुटला. "नाहीये तो! पाडली ती गल्ली! दुकानं गेली, माणसं गेली, आजीही गेली. आता तरी सोडा ना!"

तिनं पिशवीतला डबा त्यांच्या हातात दिला. "शंकरपाळे खा. आणि इथून हलू नका."

चष्मा घेऊन ती बाहेर आली, तर बाक रिकामा.

आधी तिला राग आला. मग तिनं धावत दोन मजले पालथे घातले. चष्मा नाही, फोन नाही, घरचा पत्ता धड आठवत नाही. आणि आपण त्यांना शेवटचं काय बोललो, तर हे. आईला काय तोंड दाखवायचं?

"अंकल ना?" फरशी पुसणारी एक चिनी म्हातारी इथल्या सवयीनं शेवटी 'ला' जोडत इंग्रजीत म्हणाली. "त्या दारातून गेला, ला. खुशीत होता."

दार करड्या रंगाचं, माल आणायच्या वाटेचं. आत खोक्यांची चळत, उघड्या ट्यूबलाइट. गार्गी हाका मारत निघाली. एका वळणानंतर मॉलमधलं गाणं बंद पडलं. कुणी कानावर हात ठेवावा तसं. थंडी वाजू लागली. एसीची नव्हे... ओली, हाडात शिरणारी. कोळशाचा धूर आणि भिजलेल्या लोकरीचा वास. सिंगापुरात कोळसा कोण जाळतं?

डाव्या हाताला एकामागून एक दारं होती. तिनं नजर खाली ठेवली. पायाखाली फरशी नव्हती, दगड होते. धीर यावा म्हणून ती पुटपुटू लागली. टोप्या... छत्र्या... बटणं... चौथ्या दारामागं शेकडो घड्याळं टिकटिकत होती. पाचव्याखालून पिवळा उजेड येत होता.

आत आजोबा हसत होते. आजी गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

"आजोबा..." तिनं दाराबाहेरूनच हाक मारली. "चला ना... चुकलं माझं."

हसणं थांबलं. आत कुणा बाईनं हलकेच काहीतरी विचारलं.

"हो," आजोबा म्हणाले, "हीच माझी नात."

दारावरची घंटी वाजली. डबा छातीशी धरून आजोबा बाहेर आले आणि मागं दार आपोआप लागलं. त्याच्या दुधी काचेमागं कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलं. गार्गीनं आजोबांचं मनगट धरलं. ते ऊबदार होतं, तेवढं पुरलं. ती त्यांना ओढत सुटली.

उजेड, गर्दी, बबल टीची रांग! भर मॉलमध्ये तिनं आजोबांना मिठी मारली आणि हमसून हमसून रडली.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत!"

मग दोघांनी हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, प्यायली. नवी काडी कानाला टोचते म्हणून आजोबांनी चष्मेवाल्याचा उद्धार केला आणि गार्गी खदखदून हसली. घरी जाताना तिनंच विचारलं, "ती बटणवाली कशी होती हो?" ते सांगत राहिले. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

घरी आईनं पिशवी उपसली. "गार्गी, हा कुणाचा डबा? बर्फासारखा गार आहे."

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं, 'सौ. सुलेखा'. आत काठोकाठ लाल-पिवळ्या गोळ्या होत्या, पिठीसाखरेत घोळलेल्या, ताज्या.

"दिला शेवटी भरून!" आजोबा पेपरमागून म्हणाले. "शब्दाची पक्की आहे ती बाई."

गार्गीनं पिशवी उलटी करून झटकली. "आजोबा... आणि माझा डबा?"

"तिच्याकडं आहे. शंकरपाळे फार आवडले तिला." त्यांनी एक गोळी गालात सरकवली. "म्हणाली, रिकामा कसा देऊ? भरून ठेवते, नातीला पाठवा. झाकणावर काय कोरलंय विचारत होती. मी म्हटलं, तिचं नाव. तर बोट फिरवून फिरवून पाठ केलं बिचारीनं."