माडाच्या आळ्यातली खुंटी

उत्तरा न्हाणीतून केस पुसत बाहेर आली, तेव्हा दारावरच्या पूरपाटीचा लाल रंग आणखी गडद झालेला होता. ओटीवर बसलेली रुबीना परकार हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "बघा, पाऊस नाही, ओहोटी लागलेली, आणि तरी तुमच्या जमिनीत पाणी चढतंय."

कांदळखारातल्या प्रत्येक घराला आता अशी पाटी होती. सकाळी दूध तापत ठेवायच्या आधी लोक तिच्याकडे बघून घेत. पूर्वी पूररेषा म्हणजे नकाशावर ओढलेली एक निळी रेघ. रेघेच्या आतले सगळे बुडणार, बाहेरचे सगळे तरणार. पूरविमा योजनेने तो ढोबळ हिशेब मोडीत काढला आणि प्रत्येक घराच्या जोत्यालगत जमिनीत एक ओलखुंटी पुरली. खुंटी मातीतली ओल मोजून सतत कळवत राही. जमीन आधीच तुडुंब असेल तर पावसाचं पाणी मुरणार कुठे, आणि त्यात उधाणाची भरती आली तर ते जाणार कुठे, एवढंच ती विचारी. उत्तर पाटीवर उमटे. हिरवं, पिवळं किंवा लाल. सलग दोन वर्षं लाल राहिलेल्या घराचा विमा बंद होई, आणि घराच्या बदल्यात वर सड्यावरच्या, डोंगरपठारावरच्या वसाहतीत दोन खोल्या मिळत.

उत्तराच्या, म्हणजे शिरधनकरांच्या घराची दोन वर्षं या महिन्यात भरत होती. रुबीना योजनेकडून शेवटची पडताळणी करायला आली होती. उत्तरा त्याच दिवसासाठी पुण्याहून आली होती. तिचे वडील, नाना, माघात गेले, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात आईला या घरात एकटीला ठेवायचं तिच्याने होणार नव्हतं. आईचा हट्ट असेल असं तिला वाटलं होतं. हट्ट नव्हता. आईने फक्त विचारलं होतं, "पाणी खरंच येणार असेल तर मी उद्या निघते. पण खरंच येणार आहे का, ते कुणीतरी नीट सांगा."

आता तिने रुबीनापुढे कोकमाचं सरबत ठेवलं आणि तेच पुन्हा विचारलं.

"काकी, मला सांगायला बरं वाटत नाही," रुबीना म्हणाली. ती पलीकडच्या काठावरची, खाडीच्या बोटीने आली होती. "पण खारं पाणी जमिनीखालून घराकडे सरकत असावं. माघापासून आकडा थोडा उतरलाय, तरी लालच आहे."

"आणि आत्ताचं चढणं?" उत्तराने विचारलं. "कधीपासून?"

"पाच-दहा मिनिटं झाली. तुम्ही अंघोळीला गेलात त्यानंतर."

उत्तरा केस पुसायची थांबली. "खुंटी नक्की कुठे आहे?"

"मागच्या अंगणात. माडाखाली."

तिघी मागे गेल्या. न्हाणीच्या भिंतीतून एक पन्हळ निघून थेट माडाच्या आळ्यात उतरत होती, आणि आळ्याच्या कडेला, सावलीत, खुंटीचं करडं डोकं मातीतून वर आलेलं होतं. आळ्यात अजून साबणाचा फेस होता.

"इथे कुणी बसवली ही?" उत्तराने विचारलं.

"बसवायला आलेली माणसं घाईत होती," आई म्हणाली. "अंगणात जांभा. त्यांचं यंत्र दोनदा दगडावर आपटून बंद पडलं. तेव्हा ह्यांनीच सांगितलं, इथली माती मऊ आहे, इथे पुरा. सगळ्या वाडीत तसंच केलंय. मऊ माती आळ्याशिवाय कुठे मिळणार?"

"न्हाणीचं पाणी गटारात नाही जात?" विचारून झाल्यावर रुबीनालाच हसू आलं. "काय विचारतेय मी. आमच्याकडे केळीला जातं."

"मग? फुकट घालवायचं? वर्षभर शहाळी कोण देतं, तुमची योजना?"

उत्तराने न्हाणीत जाऊन भरलेली बादली ओतली. पन्हळ खळखळली. रुबीनाच्या पडद्यावरची रेघ जरा वेळाने उचलली गेली, फुगली, मग हळूहळू कलली. ती पूर्ण खाली येईपर्यंत तिघी पडद्यावर वाकून राहिल्या.

"म्हणजे दोन वर्षं मी समुद्र समजून..." रुबीनाने वाक्य सोडून दिलं.

"आमच्या अंघोळी मोजत होतीस," आई म्हणाली. "शिकलीस कुठे गं बाय?"

तरी रुबीनाला खात्री हवी होती. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. समुद्राचं पाणी असेल तर रेघही तशीच सरकायला हवी. तिने मागचे महिने पडद्यावर उलगडले. रेघ सरकत नव्हती. रोज पहाटे, त्याच वेळेला एक मोठी लाट, आणि उजाडल्यावर दुसरी, लहान. चंद्राशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"ही लहान माझी," आई म्हणाली.

रुबीना पुढे सरकवत गेली. "आणि ही मोठी इथे एकदम थांबलीय. त्या दिवसानंतर एकही नाही. खुंटीत बिघाड झाला की काय?"

"बिघाड नाही," उत्तरा म्हणाली. "नाना गेले."

रुबीनाने पडदा खाली केला. आईने पदराने पन्हळीवरचा एक वाळका पाचोळा काढला आणि बाजूला टाकला. नानांना भरपूर पाणी लागे. त्यावरून दोघांची रोज कुरबूर होई, आणि उत्तरा पुण्याहून फोनवर ती ऐकून हसत असे.

दुपारपर्यंत रुबीनाने पुढच्या अंगणात, जोत्याला लागून, जांभ्यात नवं भोक पाडून घेतलं. यंत्र कण्हत राहिलं, पण या वेळी कुणी घाई केली नाही. खुंटी नव्या जागी बसली. मग रुबीनाने जुन्या नोंदींतल्या अंघोळी बाजूला काढून हिशेब पुन्हा चालवला.

"त्या नोंदी पुसल्या जातील?" उत्तराने विचारलं.

"नाही. हिशेबात धरत नाही, इतकंच. राहतील तिथेच."

उत्तराने मान हलवली.

पाटी बराच वेळ पांढरी राहिली आणि मग पिवळी झाली.

"पिवळी म्हणजे येणारच नाही असं नाही ना?" आईने विचारलं.

"नाही, काकी. उधाण आणि मोठा पाऊस एकत्र आले तर अंगणात येईल. जोत्यावर चढायची शक्यता थोडी. इशारा आला की त्या रात्रीपुरतं शाळेत जायचं. विमा मात्र चालू राहील."

"हे असं सांगितलं असतंत तर मी दोन वर्षं नीट झोपले असते," आई म्हणाली आणि पायरीवरच बसली. तिच्या खांद्यांतला ताठपणा उतरताना उत्तराला दिसला. तिचा स्वतःचाही उतरला. गेले तीन महिने ती आईला वाचवायला धडपडत होती, आणि आईला वाचवायचं होतं ते नानांच्या अंघोळीपासून. तिला हसू आलं, आणि ते तिने अडवलं नाही.

रुबीना निघाली, पण फाटकाशी थबकली. समोर साळव्यांचं घर बंद होतं. लाल पाटीला घाबरून, दोन वर्षं भरायची वाट न बघता, ते गेल्या वर्षीच सड्यावर गेले. छपराची अर्धी कौलं उतरवलेली होती, मागे केळीची पानं पिवळी पडून लोंबत होती.

"त्यांची खुंटी अजून चालू आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ते गेल्यावर दोन महिन्यांत हिरवी झाली. वस्ती हलवली की जमीन सावरते, असं आम्ही सगळीकडे सांगत फिरतोय."

आई उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मग उरलेली कौलं उतरायच्या आधी साळवीणबाईंना कोण सांगणार? तू, की मी?"