पेटीवरचं जास्तीचं कुलूप

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायची ताकद उरलेली नाही.

आणि रात्र, अमावास्या वगैरे काही नव्हतं. भर दुपार होती. डोक्यावर ऊन होतं.

मी केमिकल इंजिनिअर. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांना सल्ला द्यायचा आमचा छोटा धंदा आहे. माझ्या नवऱ्याला पेट्रोलच्या वासानेच गरगरतं, त्यामुळे धंदा मी आणि माझा धाकटा दीर, असे दोघे मिळून चालवतो. तो हुशार, पण तोंडाळ. "वहिनी, तुम्ही हिशोब करा, चढायचं काम माझं," असं म्हणायचा आणि खरंच माकडासारखा चढायचा.

हे घडलं त्या कारखान्यात एका उंच टॉवरने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. तेल तापवून त्यातले घटक वेगळे करायचा टॉवर. आत एकावर एक लोखंडी ताटं असतात, त्यांना ट्रे म्हणतात. दर वेळी टॉवर सुरू केला की खालचे ट्रे उखडायचे. म्हणून टॉवर बंद करून आम्हाला बोलावलं होतं.

तळाजवळच्या मॅनहोलमधून, म्हणजे माणूस जेमतेम मावेल अशा भोकातून, आम्ही आत शिरून पाहिलं. ट्रे खालून वर वाकले होते.

"तळाला पाणी राहतं. एकदम वाफ होते, दणका बसतो," दीर म्हणाला.

बरोबर होतं. मीही तेच लिहिणार होते. फक्त काही पोचे मुठीएवढे होते... एकाशेजारी एक... कुणी ठोसे मारल्यासारखे.

मी तेवढे सोडून बाकीचं टिपून घेतलं.

अशा टॉवरमध्ये शिरायचा एक नियम असतो. वाफेच्या नि तेलाच्या व्हॉल्व्हच्या किल्ल्या बाहेर एका पेटीत बंद करतात. आत जाणारा प्रत्येक जण त्या पेटीला आपलं कुलूप लावतो आणि बाहेर आला की स्वतःच काढतो. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. एक जरी कुलूप लटकत असलं, तरी पेटी उघडत नाही. म्हणजे आत माणूस असताना कुणी वाफ सोडूच शकत नाही.

सगळे बाहेर आलो. माणसं मोजली, पुन्हा मोजली. सगळ्यांनी आपापली कुलपं काढली.

पेटीवर एक कुलूप राहिलंच.

जुनं, पितळी, काळं पडलेलं.

"कुणाचं हे?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारा फोरमन हळूच म्हणाला, "मॅडम, ते काढायचं नसतं. थांबायचं. दिवे लागेपर्यंत ते आपोआप निघतं."

"म्हणजे?"

"एक फिटर होता. कुलूप लावून आत गेला. बाहेरच्यांना वाटलं, गडी कुलूप विसरून घरी गेला. त्यांनी ते कापलं... आणि वाफ सोडली."

तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले. भडकलेलेच होते. "भुताची वाट बघत बसू का मी? कापा ते!"

एकाचाही हात पुढे होईना. मग आमच्या शहाण्याने कटर उचलला.

"भाऊजी, थांबा हो. संध्याकाळपर्यंत काय बिघडतंय?"

"वहिनी, तुम्ही आणि घाबरता? नवलच आहे!"

कट्...

कुलूप खाली पडलं.

आत हवा सोडणारा पंखा बंद पडला. कुणी बटण दाबलं नव्हतं. आजूबाजूचा सगळा आवाज एकदम गेला.

मग टॉवरच्या आतून...

टक्... टक्... टक्...

"अरे, कोण राहिलं आत?" दीर हसतच म्हणाला. टॉर्च घेऊन त्याने मॅनहोलमधून कमरेपर्यंत अंग आत घातलं.

आणि त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

त्याची किंकाळी आतल्या लोखंडात घुमली. मी आणि फोरमनने एकेक पाय धरला. साहेब केव्हाच पळाले होते. आम्ही जिवाच्या आकांताने ओढत होतो. पण आतून कुणी त्याला नुसतं ओढत नव्हतं... आपटत होतं. मॅनहोलच्या कडेवर. खांदा, डोकं, पुन्हा खांदा. हेल्मेट फुटल्याचा आवाज आला. नंतर हाड मोडल्याचा. लोखंडावरून रक्ताचा ओघळ माझ्या बुटावर आला.

"वहिनी! वहिनी!"

आम्ही त्याला हातभर बाहेर ओढलं की तो दोन हात आत जायचा. माझा दीर माझ्या डोळ्यांदेखत मरत होता.

मला काय सुचलं, देव जाणे. मी पाय सोडला, माझं कुलूप कमरेच्या पट्ट्यावरून काढलं आणि पेटीला लावलं.

खट्.

आपटणं तिथल्या तिथे थांबलं.

दीर पोत्यासारखा बाहेर घसरला. खांदा निखळलेला, चेहरा ओळखू न येणारा. मनगटावर पाच बोटं उमटली होती... आणि त्या बोटांखालची कातडी वाफेवर शिजल्यासारखी सुटली होती.

नंतर टॉवर वरपासून खालपर्यंत बघितला. आत कुणीही नव्हतं.

मी माझं कुलूप काढायला गेले, तर फोरमनने हात धरला. "राहू द्या, मॅडम. घरी जा."

दीर वाचला. आता आमच्याकडेच आहे. जखमा भरताहेत, पण एक शब्द बोलत नाही. वाढलं तर जेवतो, बसवलं तर बसतो. सासूबाई म्हणतात, धसका घेतलाय पोराने, होईल बरा. मीही तसंच समजत होते.

आज दुपारी साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या कुलपामुळे टॉवर अडलाय. उद्या सकाळी आम्ही ते कापतोय."

फोन स्पीकरवर होता. दीर समोरच बसला होता.

तो उठला आणि प्लास्टरचा हात भिंतीवर आपटायला लागला. एकदा, दोनदा... थांबेचना. प्लास्टर फुटलं, आतून रक्त यायला लागलं. माझा नवरा आणि सासूबाई दोघांनी धरलं, तरी आवरेना. सासूबाई हंबरडा फोडून रडत होत्या.

मग तो माझ्याकडे बघून बोलला. आवाज त्याचाच होता, पण लोखंडात घुमत होता.

"वहिनी, त्यांना कापू देऊ नका... मी अजून आतच आहे."

मी आता निघाले आहे. पेटीसमोर जाऊन बसणार आहे. नवरा विचारतोय, किती दिवस बसशील?

मला खरंच माहीत नाही.