एका क्रियापदाचा मुक्काम

बाहेर पाऊस मी म्हणत होता आणि वाचनालयातल्या छत्र्यांच्या स्टँडमधल्या एकाच काळ्या छत्रीवर दोन हात पडले, एक तिचा आणि एक कुणा अनोळखी माणसाचा.

“ही माझी आहे,” ती ठासून म्हणाली.

“असेल... पण तुमच्या छत्रीचीही काडी वाकडी आहे?” त्यानं विचारलं.

ती छत्री घेऊन तरातरा निघाली. घरी पोचल्यावर पाहते तर काय, मूठ भलतीच! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस इंग्रजी-फ्रेंच शब्दकोशाच्या कचेरीत तिच्या समोरच्या खुर्चीवर बसून शिंकत होता.

“हे आपले फ्रेंचवाले,” मुख्य संपादक बाई म्हणाल्या. “इंग्रजीतलं ‘टेक’ हे क्रियापद चिवट, म्हणून खास बोलावलेत. ते संपलं की हे मोकळे. आणि नियम लक्षात आहे ना? अर्थ आधी करून दाखवायचा, मगच फ्रेंच शब्द लिहायचा.”

तिनं मुकाट्यानं छत्री पुढे केली.

“पहिला अर्थ तुम्ही कालच करून दाखवलात,” तो हसला. “उचलून घेणं... प्राँद्र.”

झालं! त्या हसण्यावरच ती घसरली.

मग औषध घेऊन झालं, त्याच्याच खोकल्याचं. तिचं तोंड कडूजार झालं आणि तो पोट धरून हसला. फोटो काढला, तेही प्राँद्रच. ‘परीक्षा देणं’ या अर्थाची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, “इथे मात्र पासे.”

“नुसतं बसलं तरी पास?”

“छे! निकाल वेगळा असतो.” तो तिच्याकडे बघतच राहिला. “माझा कधी लागणार?”

तिनं लाजून समोरच्या इंग्रजी वाक्यांत डोकं खुपसलं. पण अर्थ भराभर संपत होते, आणि ते संपले की तो जाणार होता. म्हणून ती रोज कुठूनतरी एक नवा अर्थ उकरून आणायची.

“शब्द आहे की मारुतीचं शेपूट?” बाई करवादल्या.

शेवटी एकच अर्थ उरला. सोबत नेणं.

“वस्तू नेली तर आँपोर्ते,” तो हळूच म्हणाला. “माणूस नेला तर आँम्ने.”

“फरक काय?”

“वस्तूला विचारावं लागत नाही.”

“मग... विचारा ना.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “हा शब्द संपला की मी चाललो.”

“माहितीये! म्हणून तर अर्थ उकरत होते मी.” तिनं समोरची वही मिटली. “तुम्ही गेलात तर मला करमणार नाही... मला आवडता तुम्ही.”

त्यानं हात पुढे केला. “येतेस?”

तिनं हात दिला. जिना उतरून दोघं एकाच छत्रीखाली रस्त्यावर आली. दुसरी छत्री वर स्टँडमध्येच राहिली.

“अहो, शब्द लिहिलात का?” खिडकीतून बाई ओरडल्या.

“करून बघतोय, बाई!”

बाईंनी वरून ते जुळलेले हात पाहिले. चष्मा पुसला.

“बरं, बरं. उद्या वेळेवर या, दोघंही! पुढचं क्रियापद ‘गेट’ आहे. ते ह्याच्याहून लांबलचक आहे.”