दोन फिल्टर आणि खालच्या मजल्यावरचा

तो पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात भिजलेला नकाशा होता आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी.

"तुमचं पाणी माझ्या टेबलावर गळतंय," तो म्हणाला. "मी खालच्या मजल्यावर राहतो. घरांचे नकाशे काढतो. हे बघा... या बिचाऱ्यांचं अख्खं स्वयंपाकघर वाहून गेलं!"

मी हसायला नको होतं. पण शाईचा ओघळ स्वयंपाकघरातून थेट न्हाणीघरात शिरला होता, आणि मला हसू आवरेना. तो आधी चिडला, मग नकाशाकडे बघून स्वतःच हसायला लागला. मला तो तिथेच आवडला. उगाच कशाला आडपडदा ठेवू?

गळत होता बाबांचा फिशटँक. निवृत्तीनंतर बाबांनी मासे पाळले, मासे वाढले, आणि एक फिल्टर पुरेना. टाकीखालच्या कपाटात झाकणबंद डब्यासारखा जुना फिल्टर होताच. बाबांनी नवा मोठा आणला, तो आधी जोडला आणि त्यातून निघालेलं पाणी जुन्यात सोडलं. "दोनदा गाळलेलं पाणी!" असं ते आल्यागेल्याला सांगत. मीही मान डोलावली होती. आम्हा दोघांना हौस दांडगी, अक्कल बेताची.

नकाशेवाला कपाटासमोर मांडी ठोकून बसला. "काका, नवी मोटर जोरात ढकलतेय, आणि जुन्या डब्यातला स्पंज चोंदलाय. सगळा दाब मधल्या सांध्यावर येतोय. दोघांना वेगवेगळे पाइप द्या. दोघंही टाकीतून पाणी घेतील, टाकीतच सोडतील."

"माशांतलं कळतं तुम्हाला?" बाबांनी संशयाने विचारलं.

"माशांतलं काहीच नाही. पाइपांतलं थोडं."

"मग ऐका. स्पंज दोन्ही डब्यांतले एकदम धुवायचे नाहीत. पाणी सांभाळणारे जंतू त्यातच राहतात. ते गेले की मासे गेले." एवढं सांगून बाबांनी आपली बाजू राखली.

पाइप आणायला आम्ही दोघं गेलो. पहिला जाड निघाला. दुसऱ्या खेपेचा आखूड.

"नकाशे काढता ना? मोजपट्टी नाही का जवळ?" परतताना मी विचारलं.

"खिशातच आहे."

"मग माप का नाही घेतलं?"

तो पाइप खांद्यावर टाकून पुढे निघाला. जिन्यात म्हणाला, "तू तरी कुठे आठवण केलीस?"

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, मला कळलंच नाही. म्हणजे... कळलं होतं.

शेवटी एकदाचे बरोबर मापाचे पाइप आले. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी कपाटाशी गुडघे टेकून बसले. टाकीतून उतरलेले, पाण्याने भरलेले दोन पाइप माझ्या दोन हातांत, दोन्ही तोंडांवर अंगठे दाबलेले. अंगठा जरा हलला की फरशीवर तळं. तो फिल्टरच्या झाकणाचा खटका लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी रविवारी खोली सोडतोय."

"का?"

"गळायला लागलं तेव्हाच दुसरी बघितली होती. तिथल्या घरमालकीण मावशींना शब्द दिलाय."

माझं एक आहे. आई गेल्यापासून घर मीच ओढते, आणि कुणाकडे काही मागायची सवयच गेली. एरवी मी "बरं" म्हणून स्वयंपाकघरात गेले असते, भांडी आपटली असती, आणि रविवारी त्याला हसून निरोप दिला असता. पण आज उठणार कशी? दोन्ही अंगठे अडकलेले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही पुसता येईना.

"रडतेयस?"

"नाही."

"मग हे...?"

"नको ना जाऊस," मी म्हणाले. सगळ्या जन्मात इतकं अवघड वाक्य मी बोलले नव्हते. "गळती थांबली तरी येत जा. तू जिन्यात दिसला नाहीस की मला संध्याकाळ खायला उठते."

त्याने खटका सोडून दिला. मग बाहीने, फार जपून, त्याने माझे डोळे पुसले... आणि नाकही.

"मावशींना आजच नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "तू हे म्हणावंस म्हणून मी मापं चुकवत बसलो होतो. पण... वरच्या मजल्यावरच्या काकांना काय सांगू?"

"कशाबद्दल?"

"त्यांच्या मुलीबद्दल."

खुर्चीतला पेपर जरासा खाली आला. "काकांना ऐकू येतं," बाबा म्हणाले. "होकार आहे. आता पाणी सुरू करा, मासे खोळंबलेत."

त्याने पहिला पाइप माझ्या हातातून घेतला... बोटांसकट.