बादशाहाच्या बागेचं पाणी

चहा ओता रे आधी. पाणी पाटाच्या आपल्या दाराशी यायला अजून अवकाश आहे, आणि रात्री पहिल्यांदाच दारं धरायला आलेल्या पोरांनी रिकाम्या पोटी काळोखात बसू नये. पेज्मान, त्या खिळ्याखालचा पेला मात्र राहू दे. तो रिकामाच ठेवायचा असतो. का ते विचारू नकोस, बस.

तर आपला गुदर्ज. पलीकडे ती वाळक्या खोडांची बाग दिसते ना, ती त्याची. तीस वर्षं मी या गावचा पाटकरी आहे, कुणाचं पाणी कधी हे मीच ठरवतो, म्हणून ही गोष्ट त्यानं मला सांगितली. इथंच बसून सांगितली. जे मी डोळ्यांनी पाहिलं ते मी शेवटी वेगळं सांगेन, म्हणजे म्हाताऱ्यानं पदरचं घातलं असं व्हायला नको.

भर उन्हाळा, तीर महिन्यातली पंधरावी तारीख होती, गुरुवार. संध्याकाळी गुदर्जचा शेजारी इस्फंदियार नवी सदरा-विजार घालून त्याच्या दारात आला. म्हणाला, "गुदर्ज-जान, एक काम कर. मेहुणीचं लग्न आहे, उद्याच येईन. आज पाणी माझं आहे. मध्यरात्रीपर्यंत माझ्या बागेत सोड, नंतर तुझं आहेच. तुझ्यावाचून कुणाला सांगू?"

"जा, जा. डोळे मिटून जा," गुदर्ज म्हणाला.

गुदर्ज वाईट नव्हता. कष्टाळू होता, पाव भाजला तर अर्धा शेजाऱ्याला देईल. पण त्याच शेजाऱ्याकडे दोन पाव दिसले की याच्या पोटात कळ उठायची! दोघांच्या बागांना एकच भिंत, एकच पाट, आणि जर्दाळू मात्र इस्फंदियारचे मोठे. गुदर्जची बायको माहतलत त्याला म्हणायची, "त्याच्या झाडाला फळ लागतं, तर तुझ्या दाढीला आग का लागते?"

पण खरं दुखणं जर्दाळूंचं नव्हतंच. ते त्याच्या आदल्या पानगळीतलं. दोघंही दरवर्षी उत्खननावर कामाला जात, खालच्या माळावर, बादशाहाच्या बागेत. तुम्ही तिथं गुरं चारलीत, तुम्हाला काय सांगू. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं पाणी खेळत होतं म्हणतात. आता दगडी पाट तेवढा उरलाय, मधेमधे चौकोनी कुंड्या, आणि काटे, आणि सरडे. झाड औषधाला नाही.

त्या दिवशी गुदर्ज त्या पाटाची माती काढत बसला होता. दुपारी त्याला चहाची तलफ आली. म्हणाला, "इस्फंदियार, जरा माझ्या जागी बस." आणि हा चहा पिऊन येतो न येतो तोच तिथं टाळ्या! याच्या जागेतून अख्खी कुंडी वर आली होती. एक टवकाही उडालेला नाही. साहेब लोक धावले, फोटो काढले. तो फोटो मोठा करून फाटकावरच्या फलकावर लावला. इस्फंदियार हातात कुंचला घेऊन बत्तीशी दाखवतोय.

तेव्हापासून गुदर्ज त्या फाटकानं गेला नाही. लांबच्या वाटेनं जायचा. "ती जागा माझी होती," असं ज्याला त्याला सांगायचा. इस्फंदियारही बिचारा म्हणायचा, "अरे, तुझीच होती. फोटोसुद्धा तुझाच समज." बघा म्हणजे! वैऱ्यानं भांडावं तरी. यानं मोठेपणाही घेऊन टाकला. गुदर्ज आणखीच जळायचा.

तर त्या रात्री तो फावडं घेऊन, काळे रबरी बूट घालून पाटावर आला. चांदणं पडलेलं. इस्फंदियारच्या बागेत पाणी चाललं होतं. झाडं पीत होती. तो आवाज त्याला सोसवेना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि इस्फंदियारचं दार मातीनं गच्च बुजवलं. आपलं दार मोडून पाणी तिकडं वळवलं. स्वतःचं पाणी दोन घटकांनी येणारच होतं, तेवढीही कळ नाही. आणि तेही गुरुवारी. गुरुवारची रात्र कुणाची असते, हे तुमच्या आयांनी हलवा वाटताना सांगितलं असेलच. मेलेले आपापल्या घरादाराकडं परततात. ज्याला कुणी हलवा घालत नाही, तोही परततो.

गुदर्ज सिगारेट ओढत बसला. सिगारेट संपली. पाणी येईना.

उठून पाहतो तर त्याचा पाट कोरडा. इस्फंदियारचं दार बंद, तेही कोरडं. पाणी दोघांना टाळून सरळ खाली चाललं होतं. माळाकडं. बादशाहाच्या बागेकडं.

गावातून तिकडं जाणारा पाट नाहीच मुळी. पण रागाला डोळे नसतात. याला वाटलं, हा इस्फंदियारचा डाव! लग्नाचं सोंग, आणि रात्री साहेबांसाठी त्या कुंड्यांत पाणी सोडून दाखवणार. पुन्हा टाळ्या. पुन्हा फोटो. मोबाइलचा दिवा पेटवून हा पाण्यामागं निघाला.

माळावर पोचला तर पुढं एक माणूस चाललेला. खांद्यावर फावडं. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. पाण्याच्या बरोबरीनं, सावकाश, पाटकरी चालतो तसा.

"इस्फंदियार!" हा ओरडला. "आता पाण्याचाही फोटो काढणार का रे?"

माणूस थांबला नाही. वळला नाही.

"माझी कुंडी खाल्लीस! आता..."

तेवढ्यात पाण्याचा आवाज बंद झाला. एकदम. मोबाइलचा दिवाही गेला.

गुदर्जनं खाली पाहिलं. दगडी पाट काठोकाठ भरला होता. कुंडी भरली होती. तीच कुंडी, त्याची. पाणी वाहत होतं, पण आवाज नाही...

कुंडीत चंद्र दिसत होता. आणि झाडं.

सुरूची झाडं. ओळीनं. पाण्यात.

त्यानं वर पाहिलं. उघडा माळ. एक झुडूप नाही.

खाली पाहिलं. झाडं. शेंडे हलत होते. वारा नव्हता...

मग त्याला पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं. आणि त्याच्या खांद्याशी आणखी कुणीतरी उभं. फावडं घेऊन.

शेजारी कुणी नव्हतं.

"आज पाणी कुणाचं?"

एवढंच. रोज रात्री मी तुम्हाला विचारतो ना, तेच, त्याच सुरात. गुदर्ज मला काकाच मानायचा. म्हणाला, "बरात अमू, मला वाटलं तूच विचारतोयस."

इस्फंदियारचं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं. खरं तेच होतं. तेवढं म्हणाला असता तर... पण त्याला तो फलक आठवला. ती बत्तीशी.

"माझं," तो म्हणाला. "हे पाणी माझं. ही जागापण माझी."

...

पाण्यातल्या माणसानं खांद्यावरचं फावडं उतरवलं. खाली ठेवलं. सुटल्यासारखा हसला.

आणि बुटांत पाणी चढू लागलं. बर्फासारखं. पाय उचलेनात. गुदर्जनं बुटांतून पाय ओढून काढले... आणि धावला.

पहाटे माझ्या दारात अनवाणी उभा होता. मी त्याला घरात घेतलं आणि माळावर गेलो. आता मी पाहिलेलं सांगतो. पाट कोरडा ठणठणीत. सरडा ऊन खात बसला होता. त्या कुंडीत गुदर्जचे बूट शेजारी शेजारी उभे होते, काठोकाठ पाण्यानं भरलेले. इस्फंदियारची झाडं सकाळी ओली होती, त्याच्या दारावर बुजवलेली माती जागची हलली नव्हती.

गुदर्जची बाग त्याच उन्हाळ्यात वाळली. पाणी मी स्वतः दिलं. ते आळ्यात नुसतं उभं राहायचं, झाड पीत नव्हतं. शेवटी दोघं नवराबायको शिराझला लेकीकडं गेली. चौथ्या मजल्यावर राहायची. माहतलत मला फोनवर सांगायची, "अमू, दर शुक्रवारी उठतो तेव्हा पाय सुरकुतलेले असतात. बोटांत चिखल असतो. इथं चिखल कुठून आणला यानं?" एकदा त्यानं स्वतः फोन घेतला. रडत होता. "अमू, तू पाटकरी ना. ते पाणी दुसऱ्या कुणाला दे."

मला वाईट वाटलं. पण मी कुठून देऊ? मी दिलंच नव्हतं. त्यानं मागून घेतलं होतं.

मागच्या पानगळीत तो गेला. त्यानंतर चाळिसाव्या दिवशी मी ते बूट धुतले, पुसले, उन्हात वाळवले, आणि इथं या खोपीत त्या खिळ्याला उलटे टांगले. म्हटलं, सुटला बिचारा. माणूस गेला, त्याचं पाणीही गेलं.

आज गुरुवारच ना?

पेज्मान, कंदील इकडं आण. त्या पेल्यात तुमच्यापैकी कुणी चहा ओतला का?

नाही ना? मग उचल तो, बुटांखालून. सावकाश, पोरा... सांडेल.