नसेल तर काय द्यायचं

सांगतो, पण तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर मिशी उतरवून देईन. भाची नुकतीच फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या नोकरीला लागलीय, म्हणून हे तिच्यासाठी. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, उगाच कान देऊन बसलीय.

आमचं काम एका दवाखान्याचं. मॅपला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या जोड्यांच्या यादीला, रुग्णाचा नंबर द्यायचा, तो औषधाची मात्रा काढून देणार. नंबर सापडलाच नाही तर? तिथे मी शून्य ठरवून ठेवायचो. रिकाम्या हाताने परत येणं मला कधी जमलंच नाही.

एका सकाळी कोड तपासणारी नवी मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नजर अशी… की ओळीने आठ संगणक बंद पडले.

"हे शून्य तुमचं?"

"माझंच. का, आवडलं?"

"मात्रा माहीत नसणं आणि मात्रा शून्य असणं, एकच का हो?"

"मग काय, प्रोग्रॅम कोसळू देऊ?"

"नको. 'असेल किंवा नसेल' असंच उत्तर मागा. मग दोन्हींना तोंड द्यावं लागतं." ती हसली — किंचित, डाव्या गालात. "घाबरता?"

घाबरत होतोच. पुढचं वर्षभर मी मुद्दाम शून्यं पेरत गेलो, ती वेचत आली. शेरे लिहिता लिहिता 'अहो'चं 'अरे' झालं. आणि मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली.

"शुक्रवारी चारची बस," ती म्हणाली. "येणार असशील तर बोलायला ये. नुसता हात हलवायला नको."

"आणि नाहीच आलो तर?"

"तर तुझं उत्तर मी माझ्या मनाने भरणार नाही. म्हणजे मला जन्मभर कळणारच नाही… लक्षात येतंय ना तुझ्या?"

तर पोरी, मी गेलो. बस सुटली होती. असा धावलो की मागे डांबर वितळत गेलं. तीन मैल बस उलटी आली, ड्रायव्हर ढसाढसा रडत होता. ती पायरी उतरली, आणि मी म्हणालो —

"काय म्हणालास, दादा?" बहिणीने विचारलं.

"म्हणालो… ते आपलं…"

"तू गेलाच नव्हतास. साडेतीनला बूट घालून दारात बसलास. सात वाजता मी ते तुझ्या पायांतून काढले."